विश्लेषण : टूथपेस्ट स्वस्त झाली, पण तोंडाच्या वासावर उपचार कुठे मिळतात?

२२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. माउथवॉशवर मात्र १८ टक्के कायम राहिला. दातांच्या निगेसाठी मूलभूत असलेल्या वस्तूंनाच सवलत दिली, असे सरकारचे म्हणणे होते. हा भेद वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे. तरीही तोंडाला सतत वास येणारा माणूस आधी माउथवॉश, स्प्रे, बडीशेप, लवंग यांच्याकडे वळतो आणि दाताच्या डॉक्टरकडे सगळ्यात शेवटी जातो. तो गेलाच, तर त्याला उपचार कुठे आणि कसे मिळतात?

वास येतो कुठून?

आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर आहे : ‘पोट साफ नसेल.’ मग चूर्ण सुरू होते. प्रत्यक्षात अशा दहापैकी आठ ते नऊ जणांमध्ये कारण तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि दात-हिरड्यांमधल्या फटी या जिवाणूंच्या आवडत्या जागा. तिथे हवा पोहोचत नाही. हे जिवाणू अन्नातली आणि लाळेतली प्रथिने कुजवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकयुक्त वायू सुटतात. सडक्या अंड्याची आठवण होते ती यातल्या पहिल्यामुळे.

सकाळी उठल्यावरचा वास सर्वांनाच येतो, कारण झोपेत लाळ कमी होते. ब्रश करून, काही खाल्ल्यावर तो जातो. दिवसभर टिकणारा वास आणि ब्रश करताना येणारे रक्त हे दोन्ही असतील, तर हिरड्यांच्या आजाराची शंका घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात हिरड्यांच्या गंभीर आजाराचे १०० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. मधुमेह असलेल्यांना हा आजार लवकर गाठतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे आणखी अवघड होते.

माउथवॉशने काम का भागत नाही?

दातांवरचा मऊ थर साचून कडक झाला की त्याचे कीटण, म्हणजे टार्टर, बनते. ते ब्रशने निघत नाही आणि गुळणी हिरडीच्या खाली पोहोचत नाही. वास तासाभरापुरता झाकला जातो, इतकेच. ‘हॅलिटोसिस’ हा शब्द घरोघरी पोहोचवला तोही १९२०च्या दशकातल्या लिस्टरीनच्या अमेरिकी जाहिरातींनी, डॉक्टरांनी नव्हे.

खरा उपचार म्हणजे स्केलिंग, अर्थात यंत्राने कीटण काढणे. ‘स्केलिंगने दात हलतात’ हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. अनेकदा आजाराने आधीच सैल झालेला दात कीटणाच्या आधाराने उभा असतो. ते निघाल्यावर तो हलताना जाणवतो आणि दोष स्केलिंगला मिळतो. आजार खोल गेला असेल तर हिरडीखालची सफाई करावी लागते. त्यासाठी हिरड्यांचे तज्ज्ञ म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट असतात.

जायचे कुठे?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो, पण वेळ काढून जावे लागते. खासगी दंत महाविद्यालयांतही विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी दरात काम करतात. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असावा यासाठी केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. मात्र तालुक्याच्या गावातल्या माणसाला तिथवर एका खेपेत भागत नाही. दोन-तीनदा यायचे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडते.

विम्याचा इथे फारसा उपयोग नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. खासगी आरोग्य विम्यातही अपघात वगळता दातांचा खर्च सहसा बाहेरच ठेवलेला असतो. म्हणजे नेहमीच्या साध्या सफाईचे पैसे खिशातूनच जातात.

पैशांइतकाच मोठा अडसर लाजेचा. स्वतःचा वास नाकाला सवयीचा होतो, त्यामुळे तो बहुधा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतो. कोणी तोंडावर सांगत नाही. केसपेपर काढताना रांगेत हे बोलायचे नसेल, तर ‘हिरड्या तपासायच्या आहेत’ एवढे सांगितले तरी पुरते. आत गेल्यावर मात्र वासाचे स्पष्ट सांगावे आणि हिरड्यांची खोली मोजणार का, हे विचारावे. खुणा असलेल्या बारीक सळीने ती मोजतात; तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे तपास हवा. मिश्री किंवा तंबाखू लावत असाल तर तेही लपवू नये. दात ‘साफ’ करायला म्हणून लावलेली मिश्री हिरड्या खराब करतेच, आणि तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी लगेच व्हायला हवी.

तोंड ठीक आणि वास तरीही कायम, असे झाले तर पुढचा पत्ता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा : टॉन्सिलमधले खडे, सायनस. काही औषधांनी तोंड कोरडे पडते. ती स्वतःहून बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या रुग्णाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास, सोबत उलट्या आणि खूप तहान असेल, तर दाताच्या डॉक्टरकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे.