तलावावरचे पाहुणे

मंडळी, सोयाबीन घरात आले, कपाशीची वेचणी लागली, हरभऱ्याची पेरणी सुरू झाली, की आपल्या तलावांवर उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. पातूरहून अकोल्याला जाताना कापशीचा तलाव लागतो. तालुक्यात मोर्णा धरणही आहे. कामातून एक दिवस काढा, शिदोरी बांधा आणि लेकरांना घेऊन काठावर जाऊन बसा.

दिवस उगवताना पोहोचावे. ऊन पाठीवर राहील अशी बाभळीची आडोशाची जागा धरावी. भडक कपडे नकोत, आरडाओरड नको. काठच्या चिखलात शेपटी हलवत फिरतो तो धोबी. चोचीने चिखल टोचतात ते तुतवार. पाण्यात फावड्यासारखी चोच फिरवतो तो थापट्या, टोकदार शेपटीचा तो तलवार बदक, आणि नारिंगी रंगाची जोडी दिसली तर ते चक्रवाक. बदके दुपारी मध्यावर झोपा काढतात. दिवस कलला की पुन्हा हालचाल सुरू होते.

हे पक्षी नुसत्या थंडीला भिऊन येत नाहीत. तिकडची तळी गोठतात, किडे-दाणे मिळेनासे होतात, म्हणून ते निघतात. इकडे पावसाळ्यानंतर पाणी ओसरते आणि उघडा पडलेला गाळ त्यांचे ताट होतो. तो काठ शेवटच्या हातापर्यंत नांगरला, की ताट रिकामे.

सांजच्याला भोरड्यांचे थवे बाभळीवर उतरतात. ज्वारीवर पडतात म्हणून आपण त्यांच्यावर गोफण चालवतो, आणि कणीस राखणे आपला हक्कच आहे. पण हीच भोरडी मध्य आशियात पिले वाढवताना टोळ-नाकतोड्यांवर तुटून पडते. चीनच्या शिंजियांग भागात तर तिच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचतात. मे 2020 मध्ये टोळधाड अमरावती जिल्ह्यात शिरली होती, तेव्हा टोळ म्हणजे काय ते आपणही पाहिले. म्हणून हाकलावे खुशाल, पण विष घातलेले दाणे टाकू नयेत.

विषाची गोष्ट निघालीच तर एक सांगतो. 1995-96 च्या हंगामात अर्जेंटिनातल्या शेतकऱ्यांनी नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारले. उत्तर अमेरिकेतून तिथे येणारे हजारो शिकारी पक्षी मेले. ते पक्षी नाकतोडेच खात होते! म्हणजे फुकटचा राखणदारच मारला गेला. आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पक्ष्याला लागते ते विष माणसाला सोडत नाही.

तेव्हा फवारणीचा पंप आणि रिकामे डबे तलावात, नाल्यात धुऊ नका. तेच पाणी जनावरे पितात. हरभऱ्यात काड्यांचे पक्षीथांबे लावा. कोतवाल त्यावर बसून घाटेअळी टिपतो. ज्वारीत मात्र थांबे नकोत, दाणे जातील.

राज्यात दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 तारीख डॉ. सलीम अलींच्या. त्या आठवड्यात लेकरांच्या हाती एक वही द्या. कोणता पक्षी कोणत्या तारखेला, किती दिसला, एवढेच लिहायला सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहू द्या. तलावाचे पाणी आणि काठ शाबूत आहे की नाही, हे चार वर्षांत ती वहीच सांगेल.