सोलरचा करार, एआयचा सल्ला: वाद झाला तर दाद कुठे?

बारामती तालुक्यातलं सुपे म्हणजे जिरायती पट्टा. अशा भागातल्या जमिनीला आता सोलरचं भाडं मिळू शकतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत दर आहे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ.

भाडं थकलं तर?
सोलर कंपनी आणि महावितरणचा वाद विद्युत कायदा, २००३ नुसार वीज नियामक आयोगाकडे जातो. शेतकऱ्याच्या भाड्याचा वाद मात्र न्यायालयात. करारात लवादाचं कलम असेल, तर आधी लवादाकडे.

एआय चुकलं तर?
बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी एआय वापरलं जातंय. पण एआयच्या चुकीची जबाबदारी ठरवणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. म्हणजे पुन्हा करारच पाहिला जाणार.

म्हणून सहीआधी तपासा: भाडं थकल्यास काय, लवाद कुठे बसणार, शेताचा डेटा कुणाचा?