दोन पेट्या सध्या आमच्या हॉलमध्ये आहेत

रविवारी देवपुरातल्या एका गाण्याच्या क्लासचा बोर्ड उतरवला. शिडी मी धरली होती. माझी मुलगी तिथं सहा वर्षं शिकली, म्हणून गेलो. क्लासचं नाव लिहीत नाही, सरांना आवडणार नाही.

दहा बाय बाराची खोली. दोन पेट्या, तबल्याची एक जोडी, भिंतीवर विष्णू दिगंबर पलुस्करांचा फोटो. भाडं साडेचार हजारांचं आठ हजार झालं आणि विषय संपला. आता तिथं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान येतंय.

सरांचा हिशेब साधा होता. तीस पोरं, महिन्याला पाचशे फी. त्यातल्या सात-आठ जणांची कायम थकलेली. हातात अकरा-साडेअकरा हजार. त्यातून भाडं, लाईट बिल, तबल्यावर बसणाऱ्या मुलाचे पैसे, कधी पुडी फाटली तर ती. मे महिन्यात निम्मी पोरं मामाच्या गावाला, पण भाडं काही मामाच्या गावाला जात नाही. "आते काय करानं भाऊ?" एवढंच म्हणाले आणि पेटीला कापड गुंडाळायला लागले.

मित्रांनो, खाजगी संगीत विद्यालय म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईची इमारत, सभागृह, हिरवळ दिसते. आपल्यासारख्या गावात ते विद्यालय म्हणजे हीच भाड्याची खोली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी आपली पोरं अशाच खोल्यांतून तयार होतात. प्रारंभिक, मग दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, मग विशारद. विशारदपर्यंत किती पोहोचतात ते विचारू नका.

का पोहोचत नाहीत? शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यावर नाक मुरडणारे खूप आहेत, मी त्यातला नाही. गुणांच्या आशेनं का होईना, एसटी कंडक्टरची आणि भाजीवाल्याची पोरगी पेटीपुढे बसली. एरवी कोण पाठवणार होतं? अडचण पुढे आहे. प्रस्ताव शाळेत जमा झाला की पोरगं दुसऱ्या महिन्यापासून गायब. माझ्याच घरात हे झालंय. मुलगी मध्यमा पूर्ण झाली आणि तिला आम्ही नीटच्या क्लासला घातलं. तिथली वर्षाची फी मी एकरकमी भरली. सरांना मात्र 'पाचशेत पन्नास कमी करा ना' म्हणणारा मीच होतो. तेव्हा हे दुसऱ्यांना सुनावण्यासाठी लिहीत नाहीये.

तो भिंतीवरचा फोटो उतरवताना सर म्हणाले, "यांचीही जागा गेली होती." खरं आहे ते. पलुस्करांनी 5 मे 1901 ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुठल्या संस्थानिकाच्या आश्रयावर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. गाणं शिकायला उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राबावं लागायचं, त्या काळात त्यांनी वर्ग, पुस्तकं आणि परीक्षा आणल्या. 1908 ला ते मुंबईत आले. पुढे कर्ज काढून सँडहर्स्ट रोडला मोठी इमारत बांधली. गात राहिले, फेडत राहिले, तरी 1924 साली ती इमारत लिलावात गेली. पण तोवर ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य तयार झाले होते. 1931 ला पलुस्कर गेले, त्याच वर्षी मंडळ उभं राहिलं आणि परीक्षा आपल्या गल्लीपर्यंत आल्या.

म्हणजे शिकवणारे होते, शिकणारे होते, लोकांचं प्रेमही होतं. घात जागेनं केला. शंभरेक वर्षांनी देवपुरात तेच.

आपण खान्देशी लोक बालगंधर्वांचं नाव फार अभिमानानं घेतो. लहानपणी ते जळगावला मेहबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकले, हे भाषणात हमखास येतं. महोत्सव होतात, पहिल्या रांगेत सोफे लागतात, हारतुरे होतात. चांगलंच आहे ते. पण पुढचा मेहबूब खाँ भाडं कुठून भरतोय, हे त्या सोफ्यावरून दिसत नाही.

माझं मागणं मोठं नाही. अनुदान नको, कलाभवनाचं भूमिपूजन तर अजिबात नको. महानगरपालिकेच्या शाळा सुटल्यावर खोल्यांना कुलूप लागतं. त्यातली एक खोली संध्याकाळी पाच ते आठ, नाममात्र भाड्यानं, तीन वर्षांच्या करारानं द्या. लाईटचे पैसे क्लास भरेल. त्या बदल्यात त्याच शाळेतली दहा पोरं सर फुकट शिकवतील. हे मी मनानं लिहीत नाही, सरांना विचारून लिहितोय.

'उद्या सगळेच क्लासवाले मागतील,' असं एका माजी नगरसेवकानं मला ऐकवलं. मागू द्या की. गणिताच्या क्लासवाल्याला खोली मिळते, तो होर्डिंगही लावतो. मंडळाचं परीक्षा केंद्र किंवा पाच वर्षांचे निकाल ज्याच्याकडे असतील त्यालाच द्या, एवढी अट टाकली की रांग आपोआप आटोक्यात येईल.

अर्ज लिहून तयार आहे, सोमवारी देतोय. देवपुरातल्या ज्या पालकांना सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी घरी या. तोवर दोन्ही पेट्या आमच्या हॉलमध्ये आहेत. काल रात्री मुलगी नीटचं पुस्तक बाजूला ठेवून अर्धा तास भूप गात बसली होती. मी काही बोललो नाही.