कोरडे डोळे: आरोप ठेच्यावर, दोष हवेचा

डोळ्याच्या पृष्ठभागावरचा अश्रूंचा पातळ थर टिकेनासा झाला की डोळे चुरचुरतात, रेती गेल्यासारखे खुपतात आणि पुष्कळदा उलट पाणी गाळू लागतात. अमरावती-अकोल्याकडे या विकाराचे निदान बहुधा घरीच होते: ‘उष्णता वाढली.’ मग ठेचा बंद, ताक सुरू, डोळ्यांत गुलाबपाणी. हल्ली त्यात गाजराच्या रसाची आणि ओमेगा-३च्या कॅप्सूलची भर पडली आहे. कोरडेपणा पोटातून येतो आणि पोटातूनच जातो, असा हा पक्ष. तो बराचसा चुकीचा आहे.

तिखटाने अश्रुग्रंथी आटतात याला भक्कम पुरावा नाही. शरीरातले पाणी खरोखर घटले तर अश्रू दाट व खारट होतात, म्हणून उन्हात निंदण-डवरणी करणाऱ्याने पाणी प्यायलाच हवे. पण सावलीत बसून तांब्यावर तांबे रिचवल्याने अश्रू वाढत नाहीत, लघवी तेवढी वाढते. बाजारातले गुलाबपाणी निर्जंतुक असेलच असे नाही, त्यामुळे ते चेहऱ्यापुरतेच ठेवावे.

ओमेगा-३चा दावा अधिक वजनदार होता आणि तो नीट तपासलाही गेला. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम माशांतले ओमेगा-३ दिले, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल. बरे दोन्ही गटांना वाटले. फरक म्हणावा असा निघाला नाही. वऱ्हाडी पानातल्या जवसाचे ओमेगा-३ तर वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीरात त्याचा फार थोडा अंश माशांतल्या प्रकारात बदलतो. जवसाची चटणी खावी ती चवीसाठी.

म्हणून आहाराचा संबंधच नाही, असे म्हणणारा दुसरा पक्षही टिकत नाही. ‘अ’ जीवनसत्त्व तुटले की डोळ्यातल्या श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. रातांधळेपणा येतो, पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके दिसतात आणि शेवटी बुबुळ विरघळून मूल आंधळे होते. यासाठीच १९७० पासून देशात बालकांना या जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम आहे; आज हा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिला जातो. धारणी-चिखलदऱ्यासारख्या कुपोषणग्रस्त तालुक्यांत हा डोस आणि शेवगा, अंबाडी, पपई यांचे मोल मोठे आहे. मात्र ज्याच्या शरीरात कमतरता नाही, त्याला आणखी गाजरे खाऊन काही मिळत नाही. मधुमेहाचे तसे नाही. तो अश्रू निर्माण करणाऱ्या यंत्रणेलाच बाधतो, त्यामुळे साखर आटोक्यात ठेवणे हे डोळ्याचेही पथ्य ठरते.

खरा दोष बहुतेकदा बाष्पीभवनाचा असतो. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी तेल स्रवतात. ते अश्रूंवर पसरले की पाणी उडत नाही. वऱ्हाडात या थराची कसोटी लागते. मे महिन्यात दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांखाली जाते. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले होते. अशा हवेत उघड्या डोळ्यांनी दुचाकी चालवणे म्हणजे अश्रू वाळत घालणेच. तोंडाला दुपट्टा गुंडाळणारे पुष्कळ. डोळ्यांवर बाजूंनी झाकणारा गॉगल लावणारे थोडे. कूलर हवा दमट करतो, पण त्याचा झोत रात्रभर थेट तोंडावर असेल तर त्या दमटपणाचा उपयोग राहत नाही. झोत पायांकडे वळवायला खर्चही येत नाही.

मोबाइलचा दोष उजेडापेक्षा टक लावण्यात आहे. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी पडद्यासमोर निम्म्याहून कमी वेळा मिटते, तीही अर्धवट. त्यामुळे तेल बाहेर पडत नाही की पसरत नाही. डोळे पूर्ण मिटून पापण्या लववणे आणि कोमट फडक्याने पापण्या शेकणे, हे उपाय या मुळाशी जातात. बिडी आणि चुलीचा धूर टाळणे त्याच यादीतले.

एवढे करूनही त्रास राहिला तर तपासणी हवी, कारण काही औषधे, संधिवात आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती यांमुळेही डोळे कोरडे पडतात. औषध दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंब मात्र कोणीही आणू नयेत: लाली लगेच उतरते, पण दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.