विमान विकले, कर्ज ठेवले, संविधान उतरवले

गेल्या पौर्णिमेला कोरपन्याच्या विहारात वंदना झाल्यावर आम्ही काही जण नेहमीप्रमाणे बसलो होतो. आरक्षणावर चर्चा सुरू होती. मी म्हणालो, पुढच्या वेळी एअर इंडियाच्या विक्रीवर बोलू. त्यावर एक ज्येष्ठ बाबा हसले. "अरे बापू, आपल्याले काय करायचं हाय विमानाचं? गडचांदूरची एसटी टायमावर आली तरी पुष्कळ झालं."

बाबांचे खोटे नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी विमान पाहिले ते आभाळात. पण नेमका हाच समज विकणाऱ्यांच्या कामी आला. "विमान श्रीमंतांचे, तोटा मात्र गरिबांच्या पैशातून भरायचा, मग विकलेले काय वाईट?" हा युक्तिवाद इतक्यांदा सांगितला गेला की आपली शिकलेली मुलेसुद्धा तो बोलू लागली. म्हणून हा लेख.

आधी इतिहास. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचे छोटे विमान स्वतः चालवत आणले. तीच टाटा एअरलाइन्स १९४६ साली एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्या आंतरराष्ट्रीय कंपनीत सरकारचा ४९ टक्के वाटा होता. म्हणजे 'टाटांनी एकट्याने उभारलेली आणि सरकारने हिसकावलेली कंपनी' ही जी गोष्ट २०२१ साली वर्तमानपत्रांनी रंगवून सांगितली, ती अर्धवट आहे. सरकारी पैसा राष्ट्रीयीकरणाच्या आधीपासून त्यात होता.

१९५३ साली एअर कॉर्पोरेशन्स कायदा झाला. १ ऑगस्ट १९५३ पासून देशातील आठ खासगी विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल अशी दोन महामंडळे झाली. मालकांना भरपाई मिळाली. जे. आर. डी. टाटा १९७८ पर्यंत एअर इंडियाच्या अध्यक्षपदी राहिले. हिसकावून घेतलेल्या मालकाला कुणी पंचवीस वर्षे खुर्चीवर बसवून ठेवत नाही.

आता आपला संबंध पाहू. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. मूलभूत आणि कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याचा असावा, शेतीसुद्धा राज्याचा उद्योग असावा, ही त्यातील मांडणी आपण भाषणांत सांगतो. त्यातील दुसरा भाग मात्र विसरतो. ही अर्थव्यवस्था साध्या कायद्याने नव्हे, तर संविधानातच लिहून ठेवा, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. कारण साध्या बहुमताने केलेली गोष्ट दुसरे बहुमत मोडू शकते. ते निवेदन स्वीकारले गेले नाही. १९५३ चे राष्ट्रीयीकरण साध्या कायद्याने झाले आणि १९९४ साली दुसऱ्या साध्या कायद्याने तो कायदा रद्द होऊन महामंडळांच्या कंपन्या झाल्या. विक्रीचा दरवाजा तिथेच उघडला. १९४७ चा इशारा २०२२ मध्ये खरा ठरला.

"आपण कधी बसलो नाही" याबद्दलही दोन शब्द. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार दिशांहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. हे काम खासगी कंपन्यांकडून पुढे इंडियन एअरलाइन्सकडे आले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण आले. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते त्याचे पोस्टकार्ड विमानात बसत होते. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी दिल्लीहून नागपूरला आले ते विमानाने आणि ६ डिसेंबरच्या रात्री त्यांचे पार्थिव मुंबईला नेले गेले तेही विमानाने. १९९० साली कुवेतवर इराकने हल्ला केला तेव्हा अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणण्यासाठी सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे झाली, त्यांचा मुख्य भार एअर इंडियाने उचलला. त्यात मजूर होते, ड्रायव्हर होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या. २०१७ साली 'हवाई चप्पलवाला विमानात बसेल' म्हणत उडान योजनेचे शिमला ते दिल्ली पहिले उड्डाण झाले. ते कोणी केले? एअर इंडियाचीच उपकंपनी अलायन्स एअरने. नफा नसलेली वाट आधी सरकारी विमानानेच चालावी लागते.

याचा अर्थ सरकारी एअर इंडिया आपली होती का? पूर्णपणे नाही, आणि हे प्रामाणिकपणे बोललेच पाहिजे. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तयार केलेला मिशाळ, पगडीधारी, कमरेत वाकलेला 'महाराजा' या कंपनीची ओळख बनला. संस्थाने विलीन झाली, तनखे बंद झाले, पण प्रजासत्ताकाच्या विमानावर महाराजा राहिलाच. १९७१ साली आलेल्या पहिल्या जम्बो विमानाला सम्राट अशोकाचे नाव दिले, तरी स्वागताला महाराजाच उभा. झाडणाऱ्यांत आणि सामान वाहणाऱ्यांत आपली माणसे सहज सापडत. कॉकपिटमध्ये किती सापडत, हा प्रश्न आपल्या नेत्यांनी संसदेत किती वेळा विचारला? २००५-०६ च्या सुमारास एकूण १११ विमानांच्या खरेदीचे करार झाले, २००७ साली दोन्ही कंपन्यांचे घाईने विलीनीकरण झाले आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. हे निर्णय लोडरने घेतले नव्हते, रोस्टरवर लागलेल्या कारकुनानेही घेतले नव्हते. तरी तोट्याचे खापर फुटले ते 'सरकारी नोकरां'च्या डोक्यावर आणि दबक्या आवाजात 'कोट्यातल्यां'च्या डोक्यावर.

आता विक्रीचा हिशेब. २०१८ साली ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, एकही बोली आली नाही. मग शंभर टक्के काढला. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा समूहाच्या टॅलेस कंपनीची १८,००० कोटींची बोली जाहीर झाली. आकडा मोठा वाटतो, पण त्यात रोख किती? २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे खरेदीदाराने स्वीकारलेले कर्ज. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होते. म्हणजे ४६,२६२ कोटी सरकारच्या वेगळ्या कंपनीकडे, अर्थात तुमच्या-माझ्याकडे राहिले. सोबत १४,७१८ कोटींच्या जमिनी-इमारतीही राहिल्या, हे सांगायलाच हवे. त्या वजा केल्या तरी तीस हजार कोटींहून अधिकचा बोजा उरतो. त्यातीलच नरिमन पॉइंटची प्रसिद्ध इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेण्याचे ठरले आणि २०२४ साली केंद्राने त्याला मंजुरी दिली. एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात. पैसा दोन्हीकडे जनतेचाच.

"तोटा भरायचा थांबला ना?" असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगायचे की तोटा आपल्या नावावर ठेवला गेला आणि विमान मात्र गेले.

पण माझ्या मते पैशाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यावर चर्चा सर्वांत कमी झाली.

संविधानाचे कलम १२ 'राज्य' म्हणजे काय ते सांगते. सरकारी महामंडळ 'राज्य' ठरले की त्याला कलम १४ ची समानता लागू होते, कलम १६ लागू होते, १६(४) नुसार आरक्षण येते. एअर इंडियात हे किती कामाला आले त्याचे उदाहरण पाहा. हवाई सुंदरीने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले, किंवा तिला पहिल्यांदा दिवस गेले, किंवा तिने वयाची ३५ वर्षे पूर्ण केली, तर नोकरी संपली, असा नियम होता. पुरुष सहकाऱ्याला असे काही नव्हते. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गरोदरपणाची अट कलम १४ चा भंग म्हणून रद्द केली. लग्नाची अट कायम ठेवली, म्हणजे पूर्ण न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण एका बाईने संविधान हातात घेऊन आपल्या मालकाला कोर्टात उभे केले, कारण तो मालक 'राज्य' होता.

२७ जानेवारी २०२२ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, कंपनीचा ताबा टाटांकडे गेला. पगारवाढ आणि पदोन्नतीच्या तक्रारी घेऊन काही कर्मचाऱ्यांनी कंपनी सरकारी असतानाच मुंबई उच्च न्यायालयात याचिका केल्या होत्या. निकाल लागेपर्यंत मालक बदलला. १६ मे २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की एअर इंडिया आता कलम १२ खालील 'राज्य' नाही, म्हणून तिच्याविरुद्ध रिट याचिका चालणार नाही. दुसरा कायदेशीर मार्ग मोकळा राहिला, पण संविधानाचा थेट दरवाजा बंद झाला. मी न्यायाधीशांना दोष देत नाही. कायदा जसा आहे तसा त्यांनी वाचला. प्रश्न संसदेला आहे: विक्रीच्या वेळी १२,०८५ कर्मचारी होते, त्यातील ४,००१ कंत्राटी. एक वर्ष कुणाला काढायचे नाही, ही अट लिहिता आली. मग पुढच्या भरतीत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींचे प्रतिनिधित्व राहील, ही एक ओळ का लिहिता आली नाही?

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कंपनीने ४७० नवी विमाने घेण्याची घोषणा केली. त्यासाठी हजारो वैमानिक, तंत्रज्ञ, केबिन कर्मचारी लागतील. कंपनी लहान होती, तोट्यात होती, भरती जवळपास थांबली होती, तेव्हा रोस्टर होते. ती वाढायला लागली तेव्हा रोस्टर नाही. याला योगायोग म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे.

आता पुन्हा कोरपन्याकडे येऊ. माझ्या ओळखीच्या एका शेतमजुराच्या मुलीने बारावीनंतर 'एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ'चा कोर्स केला. खासगी संस्था, हमखास नोकरीचे आश्वासन, फी ऐंशी हजार. बापाने बचत गटातून आणि नातेवाइकांकडून पैसे उभे केले. वर्षभर इंग्रजी बोलायला, केस बांधायला, हसायला शिकवले. शेवटी मुलाखत झाली ती एका मॉलमधल्या कपड्याच्या दुकानासाठी. आज ती गावात शिवणकाम करते. मी तिला विचारले, जाहिरात कुठे निघते, जागा किती, निवड कशी होते, हे कुणी सांगितले का? नाही. खासगी भरतीत कुणाला सांगायचे बंधन नाही. सरकारी जाहिरातीत निदान प्रवर्गनिहाय जागा छापल्या जात, माहितीचा अधिकार टाकता येत असे.

आपला तालुका सिमेंटचा. कायम कामगार आणि ठेकेदारीतला कामगार यातला फरक इथल्या पोराला कारखान्याच्या गेटवरच कळतो. जमीन स्थानिकाची, धूळ स्थानिकाची आणि भरतीचा अधिकार दुसऱ्याचा. शेजारच्या राजुरा तालुक्यात मूर्ती गावाजवळ विमानतळाचा प्रस्ताव काही वर्षांपासून चर्चेत आहे, त्यात वनजमिनीचा प्रश्न आहे. उद्या तो झालाच, तर धावपट्टीच्या कुंपणाबाहेर आपण पुन्हा चौकीदाराच्या जागेसाठी रांग लावायची का? बाबा, म्हणून विमानाशी आपला संबंध आहे.

केवळ रडगाणे नको, म्हणून चार गोष्टी. एक, खासगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा ही मागणी निवडणुकीपुरती नको. ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आणून खासगी शिक्षणसंस्थांत आरक्षणाची वाट केली. नोकरीसाठी तशी वाट करता येत नाही असे कोण म्हणतो? दोन, सार्वजनिक मालमत्ता विकताना प्रतिनिधित्वाची अट करारातच घातली पाहिजे. पुढच्या प्रत्येक विक्रीवेळी आपल्या खासदाराला हे लेखी विचारा. तीन, नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे आणि तिथल्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे केंद्र एआय इंजिनीअरिंग सर्व्हिसेस चालवते, जी टाटांना विकलेल्या कंपन्यांत नव्हती. नामफलकाला हार घालून परतण्याऐवजी तिथल्या तांत्रिक भरतीचे रोस्टर माहितीच्या अधिकारात मागू. चार, अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमावलीत कमर्शियल पायलट लायसन्सचा समावेश केलेला आहे. आपल्या किती विहारांत हे मुलांना सांगितले जाते? चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे. तिथे उडणाऱ्यांत महार, मांग, गोंड, कोलामांची पोरे किती, हे आपण मोजायला शिकले पाहिजे.

त्या रात्री विहारातून निघताना बाबांनी मला थांबवले. म्हणाले, "म्हंजे विमान गेलं तं गेलं, पण संगं आपला कागदही नेला म्हनतेस." मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "मंग पुढच्या पौर्णिमेला पोरायले सांग."

पुढच्या पौर्णिमेला सांगणार आहे. तुमच्या गावात तुम्ही सांगा.

जय भीम, जय संविधान.