आकडा नऊ हजारांचा, खेळ वीस-पंचवीस

परवा आमचे धाकटे चिरंजीव टिटवाळा स्टेशनबाहेरून हातात मावेल एवढा व्हिडीओ गेम घेऊन आले. "पप्पा, यात चारशे गेम आहेत!" खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही. बिल तर नाहीच.

आम्हाला आमचे लहानपण आठवले. १९९०च्या दशकात आमच्या आईने भिशीच्या पैशांतून टीव्हीला जोडायचा गेम घेतला. पिवळ्या कॅसेटवर ठळक आकडा होता, ९९९९. आम्ही भावंडे वही घेऊन यादी करायला बसलो. थोड्याच वेळात तेच खेळ पुन्हा येऊ लागले. कुठे नाव बदललेले, कुठे सुरुवात पुढच्या टप्प्यापासून, कुठे जीव जास्त. वेगळे खेळ पंचवीसही भरले नाहीत. आई एवढेच म्हणाली, "आकडा वाचून पैसे दिले रे, मोजून घेतलं नाही."

फसवणूक दुहेरी होती, हे पुढे कळले. ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. त्यातला 'सुपर मारिओ' १९८५ साली शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचला. 'काँट्रा' कोनामी कंपनीचा. नक्कल करणाऱ्यांनी ना परवानगी घेतली, ना मोबदला दिला. पुष्कळ कॅसेटांतून तर निर्मात्याचे नावही पुसले. राबणारा एक आणि गल्ला दुसऱ्याचा, हे आपल्या माणसांना वेगळे समजावायला नको.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. संगणकाच्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. अस्सल माल आमच्या ऐपतीबाहेरचा होता. गरिबाने स्वस्त वस्तू घेतली म्हणून आम्ही त्याला चोर म्हणणार नाही. पण कळल्यावरही डोळे मिटणे बरे नव्हे.

चिरंजीवांना आम्ही रागावलो नाही, वही दिली. दोन संध्याकाळी ते मोजत बसले. मग म्हणाले, "पप्पा, नावं वेगळी आहेत, पण बरेच गेम तेच आहेत." कोपऱ्यात बसलेली आई हसली. "माझ्यापेक्षा लवकर शहाणा झाला," म्हणाली.

मुलांना खेळू द्या. मात्र पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारायला शिकवा. हे बनवले कोणी? आणि बिल कुठे आहे?