हमी कोणी घ्यावी?

पनवेलमधील बेथ एल हे सिनेगॉग १८४९ सालचे. कोकणच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज आले, अशी बेने इस्रायलांची परंपरा आहे. कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले आणि विषय तेथेच संपला. कागद कोणी मागितला नाही. (कागद मागणारे सरकारही तेव्हा नव्हते, हे मान्य केले पाहिजे.)

पुढे कागदाचे युग आले. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंपैकी काही मुंबईस उतरले. त्यांच्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. या मंडळींच्या निर्वाहाचा भार सरकारवर पडणार नाही, अशी हमी तिने दिली, आणि त्या हमीवर कित्येकांना प्रवेश मिळाला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन असणे हाच अपराध ठरला. नाझी आणि नाझींच्या भयाने पळालेला ज्यू, दोघेही अहमदनगरच्या एकाच छावणीत! संस्थेने रदबदली केली; सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासले आणि अनेकांची सुटका झाली. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर पुन्हा धरपकड झाली, ही गोष्ट निराळी. सरसकट संशयावर स्वतंत्र चौकशी हाच उतारा असतो, एवढे मात्र त्या पहिल्या हिवाळ्यात दिसून आले.

त्याच युद्धकाळातील कायद्याचा वारसा १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याकडे आला. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याने पकडलेल्या माणसावरच टाकला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. हा भार आमच्या तालुक्यातील बांधकामांवर विटा वाहणाऱ्या बंगालीभाषक मजुराला पेलेल काय? जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडून बांगलादेशच्या हद्दीत ढकललेल्या काही जणांना, ते पश्चिम बंगालचेच रहिवासी निघाल्यामुळे, परत आणावे लागले. परकीयाला परत पाठविण्याचा शासनाचा अधिकार मला मान्य आहे. प्रश्न आधीच्या चौकशीचा आहे.

हमी म्हणजे जोखमीची वाटणी, असे आम्ही वर्गात शिकवतो. आसामातील स्थानबद्धांना तीन वर्षांनंतर सोडण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिली, पण अट होती प्रत्येकी एक लाखाच्या दोन जामीनदारांची. २०२० मध्ये मुदत दोन वर्षांवर आणि रक्कम पाच हजारांवर आली. लाखाचा जामीनदार ज्याला मिळतो, तो माणूस बहुधा मुळात छावणीपर्यंत पोहोचतच नाही. डांबलेल्या गवंड्याला सरकारने पोसायचे आणि त्याच्या रोजावर जगणाऱ्या पोरांनी उपाशी राहायचे, हा हिशेब कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

धर्मसंस्था आपापल्यांपुरतेच पाहतात, हा आक्षेप खरा आहे. मुंबईची ती संस्थाही ज्यूंसाठीच उभी राहिली होती. आज मुर्शिदाबादच्या मजुरासाठी एकट्या मशिदीने शब्द टाकला तर तिच्यावरच संशय येईल. तोच शब्द गुरुद्वाराने, चर्चने, एखाद्या देवस्थानाने टाकला तर त्याचे वजन निराळे. पनवेल, कळंबोली, कामोठे येथील विश्वस्तांनी एकत्र बसून वकिलांची यादी आणि जामीनदारांची नोंदवही सिद्ध करावी. तिची एक प्रत पोलीस ठाण्यातही द्यावी. लपविण्यासारखे तिच्यात काहीच असणार नाही.